यादीतली सातवी ओळ

बाईच्या पायाचं माप आमच्या दुकानात यायचं ते बहुतेक वेळा काडीवर. तुरीची काडी, कापसाच्या पऱ्हाटीची काडी, कधी खराट्याची. घरी बाईनं पाय जमिनीवर टेकायचा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी धरायची, पुढे उरलेला भाग मोडायचा आणि ती काडी बाजाराला निघालेल्या नवऱ्याच्या खिशात घालायची. नवरा दिवसभर जालन्यात हिंडून, मोंढ्यात धान्याची कामं उरकून शेवटी आमच्याकडे यायचा आणि खिशातून काडी काढून काउंटरवर ठेवायचा. एकदा एका गृहस्थांच्या खिशातून दोन तुकडे निघाले.

"यातला कोणता धरू?" मी विचारलं.

"तुमीच पाहा ताई. तुमचा धंदा हाये."

"बाईंची उंची किती आहे?"

त्यांनी हात छातीशी नेला, मग जरा वर, मग पुन्हा खाली. "उभी राहून कधी पाह्यलं न्हाई बराबर. ती कामातच असती."

मी लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. सासऱ्यांचं चपलांचं दुकान होतं. त्यातली उजवी भिंत त्यांनी माझ्याकडे दिली. "बायकांचा माल बायकांना कळतो," एवढंच म्हणाले. डावीकडे यजमान पुरुषांचे बूट-चपला विकायचे. उजवीकडे माझ्या लेडीज सँडल आणि खाली काचेच्या काउंटरमध्ये स्नो, पावडर, कोल्ड क्रीम, टिकल्या. पाय आणि चेहरा, बाईच्या अंगातल्या लोकांना दिसणाऱ्या दोन गोष्टी एका भिंतीवर आल्या. मधल्या सगळ्याला साडी होती.

काडी लांबी सांगते, रुंदी सांगत नाही. शेतात अनवाणी वावरलेला पाय बोटांशी पसरतो. फॅशनच्या सँडल तर पुढे निमुळत्या. दर आठवड्याला माल परत यायचा. म्हणून मी एक वही केली. बाई स्वतः दुकानात आली की कागदावर तिचा पाय ठेवून पेन्सिल फिरवायची, नाव आणि गाव लिहायचं, कागद वहीत चिकटवायचा. पुढच्या वेळी नवरा काडी घेऊन आला तर मी काडी बाजूला ठेवून वही उघडायची. तीन-चार वर्षांत भोकरदन, अंबड, परतूर, सगळीकडचे पाय त्या वहीत आले. परत येणारा माल थांबला. यजमान गमतीनं म्हणायचे, हिला माणसं चेहऱ्यानं ओळखू येत नाहीत, तळव्यानं येतात. मला त्या वहीचा अभिमान होता, हे लपवत नाही. गोष्टी लिहून ठेवल्या की नीट होतात, असं मला तेव्हा वाटायचं.

उंच टाचेची हौस त्याच वर्षांत आली. पेन्सिल हील, चौकोनी हील, सगळाच तळ जाड असलेला प्लॅटफॉर्म. आमच्या रस्त्यांवर पेन्सिल हील घालून दहा पावलं चालणं ही कसरत होती. टाच मातीत रुतायची आणि बाई पुढे जायची. तरी तो माल खपायचा, कारण तो चालायला नव्हताच, उभं राहायला होता. स्थळांना पाठवायचा फोटो उभ्यानं काढत. शेजारीच फोटो स्टुडिओ होता. मुलगी साडी नेसून यायची, मी तिला तीन इंची टाचेचा काळा जोड वापरायला द्यायची, निऱ्या जमिनीपर्यंत सोडून द्यायची आणि फोटो झाला की जोड परत घ्यायची. पाच नंबरचा तो एकच जोड होता, सात नंबरचे पायही त्यात कोंबले जात. पुढे पाहुणे बघायला आले की पायातलं दारात काढावं लागे आणि ते तीन इंच दारातच राहत. पण तोवर पाहुणे घरापर्यंत आलेले असत, तेही काही कमी नव्हतं.

काउंटरचं काम वेगळं होतं. तिथं मापाचा प्रश्न नव्हता, माहितीचा होता. स्नो म्हणजे लावल्यावर जिरून जाणारं, सकाळचं. कोल्ड क्रीम तेलकट, थंडीतलं, रात्रीचं. बायका भर उन्हात कोल्ड क्रीम लावून वर पावडर थापायच्या आणि घामानं चेहऱ्यावर लापशी व्हायची. घरात चालत आलेलं त्यापेक्षा बरं होतं: डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद, थंडीत आंघोळीआधी करडईचं तेल, टाचांच्या भेगांना खोबरेलात वितळवलेलं मेण. पण तरुण मुलींना डबीतलं हवं असायचं. एकच गोष्ट दिवसातून वीस वेळा सांगून घसा बसायचा. म्हणून नव्वदच्या सुमारास मी एक यादी केली. 'चेहऱ्याची रोजची निगा.' नऊ ओळी, सुवाच्य अक्षरात. सकाळी काय, स्वयंपाक उरकल्यावर काय, शेतातून आल्यावर काय, झोपताना काय. समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणल्या आणि प्रत्येक डबीबरोबर एक द्यायला लागले. मुलींनी त्या कणकेच्या खळीनं आरशाशेजारी चिकटवल्या. एकीनं मला सांगितलं, देवाच्या फोटोपेक्षा तुमच्या यादीकडे जास्त वेळा नजर जाते.

सातव्या ओळीत आधी साय होती. नंतर मी तिथं ट्यूब लिहिली.

ही ट्यूब औषधाच्या दुकानात मिळायची. खाज, नायटा यासाठी डॉक्टर द्यायचे त्यातलीच. कुणीतरी ती चेहऱ्याला लावली आणि आठ दिवसांत रंग उजळला. ही बातमी बायकांनीच माझ्याकडे आणली. मी विचार केला, औषधाच्या दुकानात मिळते म्हणजे चांगलीच असणार. स्वतः चार दिवस लावून पाहिली. खरंच उजळपणा आला. मग डझनानं आणून काउंटरमध्ये ठेवली आणि यादी पुन्हा लिहिली: '७. झोपताना चेहरा धुऊन, पुसून, वाटाण्याएवढी ट्यूब. रोज. खाडा करू नये.' शेवटचे तीन शब्द माझे स्वतःचे. बायका दोन दिवस करतात आणि सोडून देतात, हा माझा अनुभव होता.

केदारखेड्याजवळच्या एका वस्तीवरून गिरजामावशी माझ्याकडे यायच्या. त्यांची मुलगी सुनंदा. बुटकी, सावळी, दहावी झालेली आणि तोंडानं चलाख. तीन स्थळांनी नकार दिल्यावर मावशी तिला घेऊन दुकानात आल्या.

"ताई, हिला उंच करा आन उजळ करा. वैशाखात उरकायचंच हाये औंदा."

"आई, मला खताचं पोतं बी आणून दे," सुनंदा म्हणाली. "उभी राहते त्याच्यात."

मी काळा जोड तिला घातला. आरशात पाहून ती म्हणाली, "आता मला माझे पाय दिसून न्हाई राह्यले. पडले तं धरा." फोटो चांगला आला. डबीबरोबर यादी दिली, ट्यूब दिली. ती यादी तिथंच उभी राहून तिनं दोनदा वाचली. "ताई, मी परीक्षेत बी असं वाचलं न्हाई."

आणि तिनं ती परीक्षेसारखीच पाळली. दोन महिन्यांनी आली तेव्हा मी ओळखलं नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत गुलाबी, नितळ. अंबडकडचं स्थळ आलं होतं. घरी पंचवीस एकर बागायत, मुलगा एकुलता. पाहुण्यांनी तिला अनवाणी चालवून पाहिलं, उंची पाहिली. मुलाच्या आईनं तोंड वाकडं केलं. मग दिव्याजवळ बसवून चेहरा पाहिला. "उंचीचं जाऊ द्या," ती म्हणाली, "रंग पाहा पोरीचा." लग्न ठरलं. मावशींनी मला साडी-चोळी केली. मी यजमानांना म्हटलं, इतकी वर्षं टाचा विकल्या, काम केलं शेवटी ट्यूबनं. आनंदानं म्हटलं होतं.

नंतर तीन वर्षं मी तिला पाहिलं नाही. बाजाराला येणाऱ्या तिकडच्या कुणाबरोबर तिची चिठ्ठी यायची, मी ट्यूब पाठवायची. आधी महिन्याला एक, मग दोन, मग चार. तिला मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा मी बाळाला छोट्या चपलांचा जोड पाठवला. चार ट्यूब कशाला लागतात, हे मी विचारलं नाही. चांगलं गिऱ्हाईक एवढंच मनात आलं.

मग एका दुपारी ती आली. डोळे सोडून सगळा चेहरा पदरात. काउंटरच्या आतल्या बाजूला येऊन तिनं पदर सोडला. गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती, आतल्या लाल शिरा दिसत होत्या. हनुवटीवर पुटकुळ्या, कानाच्या बाजूला दाट लव.

"लावलं की बरं दिसतंय," ती म्हणाली. "एक दिस न्हाई लावलं की आग आग होती. मिरची चोळल्यावानी. घरचे म्हणतेत गरमी झाली. खरं काय ते सांगा ताई, तुमाला ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तिला औरंगाबादला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भिंगातून चेहरा पाहिला आणि विचारलं, काय लावता? सुनंदानं पर्समधून घडी केलेला कागद काढून दिला. डॉक्टरांनी माझी यादी पहिल्या ओळीपासून वाचली. मी शेजारी बसले होते.

"हे कुणी लिहून दिलं?"

"मी," मी म्हटलं.

"अक्षर छान आहे," ते म्हणाले. "या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. पंधरा दिवसांच्या वर चेहऱ्याला लावायची नाही. बंद कधी करायचं ते यात कुठं लिहिलंय?"

ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. उलट लिहिलेलं होतं.

डॉक्टरांनी समजावलं. हळूहळू कमी करून बंद करायची. पाच-सहा महिने त्रास वाढेल, चेहरा सुजेल, मग मूळचा रंग परत येईल, कदाचित जरा काळपट. तोवर ऊन नाही आणि चुलीची धग नाही.

"उन्हात न्हाई, चुलीपाशी न्हाई," सुनंदा म्हणाली. "मंग मी राहू कुठं डाक्टरसाहेब?"

चूक माझी होती, तेव्हा दुरुस्तीही मीच नीट करायची, असं मी परतीच्या बसमध्ये ठरवलं. तिला सहा महिने उन्हापासून, चुलीपासून सूट मिळायची तर सासरी समजावून सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात मी एकटीच अंबडकडे तिच्या गावी गेले. सुनंदाला विचारलं नव्हतं. काय बोलायचं त्याचे चार मुद्दे चिठ्ठीवर लिहून नेले होते.

तिच्या सासूबाईंनी सतरंजी टाकली, चहा ठेवला. बाई शांत होत्या. मी मुद्दे सांगितले. ही गरमी नाही, औषधाचा परिणाम आहे. औषध बंद केलं की आग होईल, तेव्हा तिला शेतात पाठवू नका. रंग उतरेल त्याची काळजी करू नका, तो तिचा मूळचाच आहे.

"मूळचा म्हंजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे लग्नाआधी होता तो."

त्यांनी कप खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती, कडेवर दीड वर्षाची पिंकी.

"म्हंजे तुमी आमाला रंग लावून पोरगी दाखवली," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आमच्या पोराला चांगली चांगली स्थळं आल्ती, बाई. उंचीला आमी हो म्हणलं ते रंगापायी. तुमी येऊन सांगून बरं केलं."

मी पुष्कळ बोलले. चिठ्ठीवर नव्हतं तेही बोलले. त्या ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. निघताना सुनंदा मला सोडायला फाट्यापर्यंत आली.

"ताई, मी सहा महिने पदराआड काढले असते. गरमीच म्हणत राह्यले असते. तुमाला कोणी बोलायला लावलं?"



पंधरा दिवसांत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. पोर आमची आहे म्हणून पिंकीला ठेवून घेतलं. तिचा नवरा वाईट माणूस नव्हता. आईपुढे बोलणारा नव्हता, इतकंच. रंग आला की ये, असं तो सुनंदाला म्हणाल्याचं मावशींनी मला सांगितलं. बाईचं दुखणं बरं झालं की ये, म्हणतात तसं.

ट्यूब मी काउंटरमधून काढून टाकली. यादी गोळा करायला निघाले. माझ्याकडे पायांची वही होती, त्यात नावं आणि गावं होती, म्हटलं एकेक गाव करू. केदारखेडा झालं, आष्टी झालं, अंकुशनगरच्या कारखान्याच्या वसाहतीत दोन चकरा झाल्या. आष्टीला एका घरात आरशाशेजारी माझी यादी होती, पण ती मी दिलेली नव्हती. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. सातव्या ओळीत 'रोज'च्या पुढे कुणीतरी पेननं 'दोन टाइम' लिहिलं होतं. मी कागद सोडवायला लागले तर घरातली मुलगी आडवी आली.

"काहून काढून राह्यल्या? मला पाह्यला पाव्हणे येणार हायेत सोमवारी."

मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "सोमवार होऊ द्या मंग." तिच्या आईनं मला चहा दिला. मी तिथून पुढे कुठल्या गावाला गेले नाही. पस्तीस-चाळीस कागद जमले होते. बाहेर किती होते, याचा अंदाज करणंही मी सोडून दिलं.

सुनंदाकडे मात्र जात राहिले. पहिले दोन महिने पाहवत नव्हते. डोळे सुजेनं मिटायचे, ती ओलं फडकं चेहऱ्यावर ठेवून अंधाऱ्या खोलीत पडायची. मावशी माझ्याशी सरळ बोलत नसत. पाणी देत, पण हातात न देता समोर ठेवत. चौथ्या महिन्यात आग थांबली. पाचव्यात कातडी भरून आली. तिचा जुना सावळा रंग, त्यावर गालांवर दोन काळपट डाग. ती उन्हात वाळवणापाशी बसू लागली, एकदा मला म्हणाली, "वारं लागतंय चेहऱ्याला. इतके वर्सं लागून न्हाई राह्यलं." मला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

पिंकीला भेटायला ती दोनदा अंबडला गेली होती. पहिल्यांदा सुजलेल्या चेहऱ्यानं, तेव्हा पोर रडली. दुसऱ्यांदा बरी होऊन गेली, तरी पोर आजीच्या मागून बाहेर आली नाही. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मावशींकडून कळलं.

सहाव्या महिन्याच्या शेवटी ती दुकानात आली. यजमान गावाला गेले होते, मी एकटीच होते. तिनं पदर घेतलेला नव्हता. चेहरा गुलाबी होता, नितळ, लग्न ठरलं तेव्हा होता तसा. हातात कपड्यांची पिशवी.

मी काही विचारायच्या आत तिनं सांगितलं. "पंधरा दिस झाले लावून राह्यले. तुमी न्हाई देत, पण मेडिकलात मिळती. चुलत सासऱ्यानं पाह्यलं परवा. घरी सांगितलं त्यांनी. ये म्हणलेत."

"सुनंदा, डॉक्टर काय म्हणाले ते माहीत आहे ना तुला?"

"ठावं हाये."

"पुन्हा तेच होईल. या वेळी जास्त होईल."

"व्हईल ना," ती म्हणाली. "ती पोरगी मला गोरीच वळखती, ताई. तिनं दुसरी आई पाह्यलेलीच न्हाई. तुमी सांगा, मंग मी काय करू? तुमी लिहून द्या, तसं करते."

ती टोमणा मारत होती असं मला वाटलं नाही. ती खरंच थांबली होती, माझ्याकडे पाहत. मी काउंटरवर दोन्ही हात टेकले होते.

मग तिनं हनुवटी वर केली आणि गळा दाखवला. "हे बघा. इथून वर उजळ, इथून खाली काळं. मानेला लावायचं ध्यानात आलं न्हाई. सासूबाईला पहिलं हेच दिसंल. कायतरी करा. अंबडची गाडी साडेतीनला हाये."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी तिला आरशासमोर स्टुलावर बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला. काउंटरमधून फाउंडेशनचे दोन रंग काढले, दोन्ही तिच्या मनगटावर लावून चेहऱ्याशी धरून पाहिले, त्यातला जुळला तो घेतला आणि कानामागपासून गळ्याच्या खालपर्यंत, कुठं रेघ दिसणार नाही असा, तिच्या मानेला लावून दिला.